लुटुपुटीच्या सभागृहातले विधेयक

महाविद्यालयांतून होणाऱ्या अभिरूप युवा संसदेचा एक ठरीव साचा आता तयार झाला आहे. अध्यक्ष स्थानापन्न होतात, शोकप्रस्ताव संमत होतो, प्रश्नोत्तरांच्या तासात मंत्रिमहोदयांना धारेवर धरले जाते, विरोधी बाकांवरचे दोघे-तिघे घोषणा देत 'वेल'मध्ये उतरतात, त्यांना ताकीद मिळते, सभात्याग होतो आणि प्रेक्षागृहात टाळ्यांचा कडकडाट होतो. अखेरच्या पाच-सात मिनिटांत एक विधेयक येते. मंत्री त्याचे नाव वाचतात, दोघे सदस्य बाजूने व दोघे विरुद्ध बोलतात, 'अनुकूल असतील त्यांनी होय म्हणावे' असे पुकारले जाते आणि विधेयक संमत होते. ते कोणी वाचलेले नसते, कारण ते लिहिलेलेच नसते. मंत्र्यांच्या हातातील फायलीत पुष्कळदा भाषणाचे मुद्दे असतात आणि बाकीचे कागद कोरे असतात.

संसदीय कार्य मंत्रालयाने १९६६ साली दिल्लीतील शाळांपासून ही योजना सुरू केली. संसदीय रीतिभाती तरुणांच्या अंगी मुराव्यात हा तिचा हेतू होता आणि तो अयोग्य होता असे कोणी म्हणणार नाही. परंतु आपल्याकडे या उपक्रमाचे रूपांतर पाहता पाहता एकांकिका स्पर्धेत झाले. संहिता आधी लिहिली जाते, तालमी होतात, कोणी कुठे ओरडायचे हेही ठरलेले असते. अमेरिकेत वाय.एम.सी.ए.ने १९३६ साली न्यूयॉर्क राज्यात 'यूथ अँड गव्हर्नमेंट' हा असाच एक उपक्रम सुरू केला. तेथे विद्यार्थी आपापली विधेयके स्वतः लिहून आणतात, ती समितीपुढे मांडतात आणि खंडाखंडावर उत्तरे देतात. म्हणजे तेथे मध्यभागी विधेयक आहे आणि वक्तृत्व त्याच्या मागून येते. आपण क्रम उलटा लावला. वक्तृत्वाचे हे वेड आपले जुनेच आहे. गणेशोत्सवातील व्याख्यानांपासून आंतरमहाविद्यालयीन वादविवादांपर्यंत आपण बोलणाऱ्याला डोक्यावर घेतले. मसुदा करणाऱ्याचे नाव मात्र कोणाला ठाऊक नसते.

माझे म्हणणे असे की, अभिरूप विधिमंडळासाठी विधेयक सिद्ध करण्याचे काम राज्यशास्त्र विभागावर सोपवून मराठीच्या प्राध्यापकांनी केवळ सूत्रसंचालनापुरते उरणे ही आपली मोठी चूक आहे. विधेयक हा गद्यलेखनाचा असा एक प्रकार आहे की ज्यात शब्द चुकला तर लेखकाची शैली बिघडत नाही, कोणा तिऱ्हाइताचे आयुष्य बिघडते. साहित्याच्या विद्यार्थ्याला या जबाबदारीचा अनुभव एरवी कधी येतो? आम्ही गेली काही वर्षे पदव्युत्तर वर्गाला हा खटाटोप करायला लावतो. त्यातून जे हाती लागले त्याच्या आधारे हे लिहितो आहे.

पहिला टप्पा विषयनिवडीचा, आणि येथेच निम्मे संशोधन होते. मुलांनी सुचवलेले विषय अपेक्षित तेच असतात: रॅगिंगबंदी, प्लास्टिकबंदी, शाळांत मराठीची सक्ती. शोध घ्यायला सांगितले की ध्यानात येते, रॅगिंगविरुद्ध महाराष्ट्रात १९९९ पासून अधिनियम आहे. प्लास्टिकवरील २०१८ ची बंदी अधिसूचनेने आली आणि तिला २००६ च्या अधिनियमाचा आधार आहे. शाळांतील मराठीच्या सक्तीच्या अध्यापनाचा अधिनियम २०२० सालीच झाला. 'कायदा व्हायला हवा' हे आपल्या सार्वजनिक बोलण्यातील पालुपद किती अज्ञानातून येते, याचा हा पहिला धडा असतो. कायदा असतो, त्याची अंमलबजावणी नसते, किंवा त्यात एखादी फट असते. मग नवे विधेयक लिहायचे की आहे त्यात सुधारणा सुचवायची, असा खरा प्रश्न उभा राहतो. विषय राज्याच्या अधिकारातील आहे का, हे पाहण्यासाठी संविधानाची सातवी अनुसूची उघडावी लागते. ती न उघडता पदवी घेतलेल्या आपल्या विद्यार्थ्यांची संख्या (आणि शिक्षकांचीही) लहान नसावी.

यंदा वर्गाने निवडलेला विषय आपल्या वाचकांच्या जिव्हाळ्याचा आहे: सार्वजनिक ग्रंथालये. राज्यसूचीतील बाराव्या नोंदीत तो येतो, म्हणून अधिकाराचा प्रश्न मिटला. इतिहास शोधताना मुलांना अनपेक्षित धन गवसले. भारतातील पहिला ग्रंथालय कायदा कोल्हापूर संस्थानाचा, १९४५ सालचा. त्याआधी १९३० मध्ये शि. रा. रंगनाथन यांनी बनारसच्या अखिल आशियाई शिक्षण परिषदेत एक नमुना ग्रंथालय विधेयक मांडले होते. कोणत्याही विधिमंडळाने मागितलेले नसताना एका ग्रंथपालाने लिहून काढलेले हे विधेयक! अर्थाअर्थी तेही लुटुपुटीचेच म्हणायचे. त्यानंतर मद्रास आणि बंगालच्या विधिमंडळांत त्याच्या आधाराने प्रयत्न झाले, ते तडीस गेले नाहीत; अखेर १९४८ साली मद्रासचा ग्रंथालय कायदा झाला. अठरा वर्षे. आमच्या एका विद्यार्थिनीने आपल्या टिपणात या अठरा वर्षांखाली दोन रेघा ओढल्या होत्या.

'महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम' १९६७ सालचा आहे. मद्रास व कर्नाटकाच्या कायद्यांत ग्रंथालयांसाठी स्थानिक करावर उपकर बसवण्याची तरतूद होती. महाराष्ट्राने उपकर टाळला आणि शासनाने दरवर्षी ग्रंथालय निधीत किमान २५ लक्ष रुपये घालावेत असे म्हटले. १९६७ साली हा आकडा भरघोस वाटला असणार. आज राज्यात अकरा-बारा हजार शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालये आहेत. त्यांच्यात २५ लक्ष वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला वर्षाला दोन-सव्वादोनशे रुपये येतील. शासन प्रत्यक्षात याच्या कैक पट खर्च करते, हे खरे. पण तो त्या त्या वेळच्या निर्णयाने करते, कायद्याच्या बंधनाने नव्हे. कायद्यात लिहिलेला आकडा म्हातारा होतो आणि कायदा त्याला घेऊन तसाच उभा राहतो. हे कळल्यावर मुलांना 'किती' लिहायचे यापेक्षा 'कसे' लिहायचे हा प्रश्न पडला. ठोक रक्कम, की अर्थसंकल्पाची टक्केवारी, की दर पाच वर्षांनी फेरआढावा? येथवर येईपर्यंत ज्यांनी कधी अर्थसंकल्पाचे पान उलटले नव्हते, ती मुले वाचनालयात बसून तो चाळू लागली.

याहून मोठा धक्का पुढे होता. ग्रंथालयांना अ, ब, क, ड असे वर्ग आहेत आणि वर्गानुसार अनुदान मिळते, हे सर्वांना माहीत. खेड्यातील 'ड' वर्गाच्या ग्रंथालयाचे अनुदान अगदी तुटपुंजे; त्यातच पुस्तके, वर्तमानपत्रे, वीजबिल आणि ज्याला ग्रंथपाल म्हणायचे त्या माणसाचे मानधन. मुलांना हे अनुदान वाढवायचे होते. म्हणून त्यांनी अधिनियमात अनुदानाचे कलम शोधले, तर दर तेथे नव्हतेच. ते नियमांत आणि शासन निर्णयांत होते. २०२२ मधील साठ टक्क्यांची वाढ शासनाच्या निर्णयानेच झाली. अधिनियमात असतो तो 'विहित करण्यात येईल' हा तीन शब्दांचा मंत्र. विधिमंडळात जे ठरले असे आपण समजतो त्यातील किती भाग नंतर मंत्रालयातील एखाद्या कक्षात भरला जातो, हे या तीन शब्दांमुळे कळते. प्रत्येक विधेयकाला 'प्रत्यायोजित विधानाबाबतचे ज्ञापन' का जोडायचे असते, याचा उलगडा मग आपोआप झाला. तोवर तो शब्द उच्चारताना मुले हसत होती.

आता भाषेकडे वळतो. पहिला मसुदा आला तो 'सबब', 'उपरोक्त', 'सदरहू', 'अन्वये' यांनी खच्चून भरलेला. जे कळत नाही ते कायद्याचे, अशी मुलांची समजूत असते. तिला जबाबदार आपले सगळे सरकारी वाङ्मय आहे. आम्ही एवढेच सांगितले की, प्रत्येक क्रियापदाला कर्ता विचारा. 'ग्रंथांची खरेदी करण्यात येईल': कोणाकडून? 'तक्रारींचे निवारण करण्यात येईल': कोण करील, किती दिवसांत, आणि न केल्यास काय? या 'करण्यात येईल'मागे किती माणसे लपून बसलेली असतात! मसुद्यातील असे प्रत्येक वाक्य कर्तरी करायला लावले तेव्हा अर्ध्या खंडांना कर्ताच मिळेना. मग ते खंड गळाले.

त्याहून नाजूक गोष्ट भविष्यकाळाची. 'शासन अनुदान देईल' हे वाक्य व्यवहारात भाकीत असते, आश्वासन असते, कधी नुसती आशा असते. कायद्याच्या मराठीत तेच वाक्य आज्ञा होते. 'देईल' म्हणजे दिलेच पाहिजे. 'देता येईल' किंवा 'देऊ शकेल' म्हणजे द्यायचे की नाही ही ज्याची त्याची मर्जी. मराठी व्याकरणाच्या पुस्तकांत आख्यातांचे अर्थ आपण शिकवतो, स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ असे रकाने पाठ करून घेतो. परंतु एका प्रत्ययाने हक्काची सवलत होते, हे येथे जसे अंगावर येते तसे व्याकरणाच्या तासाला येत नाही. हे उमगल्यावर मुलांनी सगळीकडे 'देईल' करून टाकले. त्यांचा आवेश योग्य होता, तरी त्यांना थांबवावे लागले. त्यासाठी आम्ही गोखल्यांकडे गेलो.

गोपाळ कृष्ण गोखले १९०२ पर्यंत फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवत होते. म्हणजे विधेयक लिहिणारा हा आपल्यातलाच एक अध्यापक. १६ मार्च १९११ रोजी त्यांनी केंद्रीय कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. सक्तीच्या शिक्षणाचे विधेयक म्हणून ते इतिहासात ओळखले जाते, पण उघडून पाहिले तर त्यात सक्ती कितीतरी अटींच्या कुंपणात आहे. जेथे मुलांचे शाळेत जाण्याचे प्रमाण आधीच ठरावीक मर्यादेपर्यंत पोचले आहे अशाच ठिकाणी, स्थानिक संस्थेला वाटले तर, सरकारच्या पूर्वसंमतीने, आणि आरंभी सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांपुरतीच. सगळा 'करता येईल'चा कारभार! विद्यार्थ्यांना प्रथम हे भित्रेपणाचे वाटले. मग त्यांच्या ध्यानात आले की, सरकारी बहुमताच्या सभागृहात एकटा माणूस पायरी पायरीने किती मागू शकतो याचा हिशेब त्या अटींत आहे. तो हिशेबही चुकला. मार्च १९१२ मध्ये ते विधेयक १३ विरुद्ध ३८ मतांनी पडले. मला स्वतःला असे वाटते की, गोखल्यांनी इतके राखून मागायला नको होते. पडायचेच होते तर पूर्ण मागून पडावे. वर्गातील निम्म्यांना हे पटले नाही, आणि त्यांचा युक्तिवाद माझ्यापेक्षा सरस होता.

पडलेली विधेयके अभ्यासक्रमात असावीत असे माझे मत आहे ते यामुळेच. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात महार वतनाबाबत आणलेले विधेयक घ्या. ते १८७४ च्या वंशपरंपरागत हुद्द्यांच्या अधिनियमात दुरुस्ती सुचवणारे होते आणि ते मागे घ्यावे लागले. दुरुस्ती विधेयक एकटे वाचता येत नाही. अमुक कलमातील अमुक मजकुराऐवजी तमुक मजकूर दाखल करावा, एवढेच त्यात असते. मूळ अधिनियम शेजारी ठेवून दोन्ही ताडून पाहावे लागतात. ज्ञानेश्वरीच्या पाठभेदांवर परीक्षेत टीप लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला ही रीत परकी नाही. फरक एवढाच की, येथे पाठभेद जाणूनबुजून केलेला असतो आणि त्याने वतनाखाली राबणाऱ्या माणसाची सुटका व्हायची असते.

व्याख्यांचा खंड लिहिताना साहित्याचा विद्यार्थी खरा कोंडीत सापडतो. आमच्या मसुद्यात 'वाचक' या शब्दाची व्याख्या हवी होती, कारण वाचकसंख्येवर अनुदान अवलंबून ठेवायचे असे ठरले होते. वाचककेंद्री समीक्षेवर प्रश्नपत्रिका सोडवलेल्या मुलांना वाटले, हे तर आपले क्षेत्र. 'वाचक म्हणजे जो वाचतो तो' येथून सुरुवात झाली. वर्गणीदार म्हणजे वाचक, असे म्हटले तर वर्गणी परवडत नाही म्हणून टेबलाशी बसून वाचणारी मुलगी गळते. रोजच्या नोंदवहीत सही करणारा म्हणजे वाचक, असे म्हटले तर सकाळी वर्तमानपत्र चाळायला येणारे निवृत्त गृहस्थ एकटेच तीनशे वाचकांएवढे मोजले जातात. शिवाय सह्या कशा भरल्या जातात हे सर्वांना ठाऊक. एका घरात नेलेले पुस्तक चौघांनी वाचले तर? अंध व्यक्तीला कोणी वाचून दाखवले तर वाचक कोण? या एका शब्दावर तीन तासिका गेल्या आणि माझ्या मते त्या वर्षातील सर्वांत सकस तासिका त्याच होत्या. शेवटी जी व्याख्या झाली ती कोणालाच पुरती आवडली नाही.

यावर तोड म्हणून एक उदाहरण आम्ही वाचले. महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी अधिनियम. त्यासाठीचा लढा दशकांचा, डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या २० ऑगस्ट २०१३ रोजी झालेल्या हत्येनंतर आधी अध्यादेश आणि मग डिसेंबर २०१३ मध्ये अधिनियम. लोकांच्या तोंडी तो 'अंधश्रद्धाविरोधी कायदा' असला तरी त्याच्या नावात 'अंधश्रद्धा' हा शब्द नाही; नरबळी आणि इतर अमानुष, अनिष्ट व अघोरी प्रथा व जादूटोणा असे लांबलचक शब्द आहेत. श्रद्धा कोठे संपते आणि अंधश्रद्धा कोठे सुरू होते, याची व्याख्या करण्याच्या फंदात मसुदाकार पडले नाहीत. त्यांनी अनुसूचीत कृत्ये लिहून काढली: काय केले म्हणजे गुन्हा होतो, एवढेच. आणि दुसऱ्या बाजूला प्रदक्षिणा, यात्रा, कीर्तन, प्रवचन, भजन यांना हा अधिनियम लागू होत नाही, असे स्वतंत्रपणे म्हटले. मनातले मोजता येत नाही, हातून घडलेले सांगता येते. कादंबरीकाराला हेच उलट करावे लागते, म्हणून या अनुसूचीचे वाचन साहित्याच्या वर्गात फार बोलके ठरते.

'तुम्ही साहित्याच्या विद्यार्थ्यांना कारकून बनवता आहात' हा आक्षेप सहकाऱ्यांकडून येतो. कारकुनीला कमी लेखण्याची ही सवय आपण सोडली पाहिजे, एवढेच उत्तर मी देतो. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: हे विधेयक कोठेच जाणार नाही, मग एवढी मेहनत कशाला? वित्तीय ज्ञापन तयार करताना एकाने हे थेट विचारलेही. हिशेब असा होता की, दहा हजार ग्रंथालयांना प्रत्येकी एक लक्ष जादा द्यायचे तर वर्षाला शंभर कोटी लागतात. आणि राज्याच्या एकत्रित निधीतून खर्च करावा लागणारे विधेयक राज्यपालांच्या शिफारशीविना सभागृहाला संमत करता येत नाही, हे संविधानाच्या अनुच्छेद २०७ मध्ये आहे. म्हणजे खऱ्या आमदाराने हे अशासकीय विधेयक म्हणून आणले असते तरी तो इथेच अडला असता. मला वाटते, आपला आमदार कोठे अडतो हे नेमके ठाऊक असलेला मतदार निराळ्या तऱ्हेने प्रश्न विचारतो.

मराठीचा म्हणून एक सल मात्र राहतो आणि तो मुलांपासून लपवू नये. अनुच्छेद ३४८ नुसार, राज्याने आपले कायदे आपल्या भाषेत केले तरी राज्यपालांच्या प्राधिकाराने राजपत्रात प्रसिद्ध होणारे त्याचे इंग्रजी भाषांतर हाच इंग्रजीतील प्राधिकृत पाठ मानला जातो. महाराष्ट्राच्या राजपत्रात तशी ओळ छापलेली असते. उच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत चालते, म्हणजे तेथे तपासला जातो तो हा पाठ. 'देईल' की 'देता येईल' यावर आम्ही घातलेला वाद न्यायालयात बहुधा त्यांच्या इंग्रजी प्रतिशब्दांवर होईल. राजभाषा अधिनियम १९६४ चा. साठ वर्षे उलटून गेली, आणि आपल्या अनेक अधिनियमांचे मराठी वाचताना हे मूळ आहे की भाषांतर असा प्रश्न आजही पडतो. मूळ मसुदा मराठीत विचार करून लिहिणारी माणसे तयार झाल्याखेरीज हे बदलणार नाही. आणि ती माणसे विधी महाविद्यालयांत तयार होतील अशी आशा करण्याजोगे मला तरी काही दिसत नाही.

यंदाच्या सभागृहात सर्वांत मोठा वाद उपकराच्या खंडावर झाला. कर्नाटकाप्रमाणे मालमत्ता करावर रुपयामागे काही पैसे उपकर बसवावा, असा मसुदा होता. ग्रंथालयाला कायमचा स्रोत मिळेल, असे मांडणाऱ्यांचे म्हणणे. गावात छोटे दुकान असलेल्या घरातला एक विद्यार्थी उठला आणि म्हणाला, माझ्या वडिलांनी आयुष्यात पुस्तक हातात घेतलेले नाही, त्यांनी हे पैसे का द्यावेत, आणि वसूल झालेले पैसे ग्रंथालयापर्यंतच जातील हे कोणत्या खंडात लिहिले आहे? तसे कोठेच लिहिलेले नव्हते. आधी ठरवलेली भाषणे बाजूला पडली. कोणी ओरडले नाही, कोणी सभात्याग केला नाही. खंड दोन मतांनी पडला. तो पडल्यावर ध्यानात आले की, व्याख्यांच्या खंडातील 'ग्रंथालय निधी' त्याच्याच आधाराने लिहिलेला होता, वित्तीय ज्ञापनातील जमेची बाजू त्याच्यावरच उभी होती आणि पुढच्या सगळ्या खंडांचे क्रमांक बदलणार होते. अध्यक्षांनी विधेयक समितीकडे परत पाठवले. समितीने नवा मसुदा पुढच्या सत्रात आणायचा आहे.